पिठलं उठेना, साखर सुटेना

एक होती मुंगी. काळी मुंगी. एवढीशी. तीळ मोठा, पण ही लहान. नाव तिचं टिकली.

एकदा काय झालं, टिकलीला सापडला साखरेचा दाणा. स्वयंपाकघरात, ओट्याखाली. पांढरा पांढरा. चौकोनी. टिकलीपेक्षा जाड.

टिकलीनं दाणा ओढला. हुश्श. पुन्हा ओढला. हुश्श. सकाळपासून ओढत होती बिचारी. स्वयंपाकघर संपलं. बाहेरची खोली संपली. दाणा आला उंबऱ्यावर. उंबऱ्याला होती फट. फटीत टिकलीचं घर. घरात सात बहिणी. सातही उपाशी.

आता एकच धक्का द्यायचा, की साखर घरात.

टिकली धक्का देणार, तेवढ्यात...

धप्प!

कोण बसलं? कुत्रं बसलं. भलंमोठं. पिवळं पिवळं. केसच केस. नाक घराच्या आत, शेपूट घराच्या बाहेर. आणि बूड कुठे? बूड बरोब्बर उंबऱ्यावर. बुडाखाली साखर.

आता हे कुत्रं आलं कुठून? सांगते. घाई कसली आहे.

कुत्रं आणलं आईनं. गाडीतून. आधी ते दुसऱ्यांच्या घरी राहायचं. ते लोक गेले लांबच्या गावी. कुत्र्याला काही नेलं नाही. मग आई म्हणाली, आपण आणू. आई म्हणाली, "याला म्हणतात गोल्डन रिट्रीव्हर." जुई म्हणाली, "याला म्हणतात पिठलं." जुई चार वर्षांची. त्यामुळे तिचंच खरं झालं.

तर पिठलं आलं दाराशी. एक पाय आत टाकणार, तोच आतून आवाज आला, "थांब."

तो आवाज आत्याचा. आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. आवाजही तिचा थोरलाच.

पिठलं थांबलं. नुसतं थांबलं नाही, बसलंच. धप्प.

आणि आई? आई राहिली बाहेर. एका काखेत पिठल्याची गादी, दुसऱ्या काखेत पिठल्याचं ताट. दार पिठल्यानं भरलेलं. आत जाणार कशी?

टिकली गेली पिठल्याच्या नाकासमोर. नाक केवढं? टिकलीच्या घराएवढं.

"पिठल्या पिठल्या, ऊठ."

"मी नाही उठणार."

"का नाही?"

"कुणी 'ये' म्हटल्याशिवाय मी नाही उठणार."

"चावेन हं," टिकली म्हणाली. मग तिला आठवलं. ती काळी मुंगी. काळ्या मुंग्या कुठे चावतात? लाल असती तर दाखवलं असतं.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुठे गेली? जुईकडे गेली. जुई बसली होती पाटावर. दोन्ही हातांनी तोंड गच्च धरून. हात काढला असता तर 'ये' बाहेरच पडलं असतं.

"जुई जुई, 'ये' म्हण.
पिठलं उठेना,
साखर सुटेना,
आता मी काय करू?"

जुई बोटांच्या फटीतून बोलली. "मी नाही म्हणणार."

"का नाही?"

"आत्यानं तुकडा ओवाळल्याशिवाय मी नाही 'ये' म्हणणार. आत्यानं सांगितलंय."

आई बाहेरून म्हणाली, "अहो, मला कुणी आत घेता का?"

कुणी घेतलं नाही.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुठे गेली? आत्याकडे गेली. आत्या उभी होती कमरेवर हात ठेवून.

"आत्या आत्या, तुकडा ओवाळ.
जुई 'ये' म्हणेना,
पिठलं उठेना,
साखर सुटेना,
आता मी काय करू?"

"मी नाही ओवाळणार."

"का नाही?"

"भाकरी झाल्याशिवाय मी नाही ओवाळणार," आत्या म्हणाली. "नवी नवरी आली, दारात थांबवायची. नवं बाळ आलं, दारात थांबवायचं. भाकरीचा तुकडा ओवाळायचा, लांब टाकायचा, आणि मग म्हणायचं, ये. आमच्याकडे असंच असतं."

"पोळीचा तुकडा?" टिकलीनं विचारलं.

"पोळीचा चालत नाही."

"बिस्किटाचा?"

आत्यानं नुसतं बघितलं. टिकलीनं पुन्हा नाही विचारलं.

आई बाहेरून म्हणाली, "माझे पाय दुखले हो."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुठे गेली? बाबाकडे गेली. बाबा होता स्वयंपाकघरात. तवा तापला होता. पाणी तापलं होतं. बाबाही जरा तापला होता.

"बाबा बाबा, भाकरी थाप.
आत्या ओवाळेना,
जुई 'ये' म्हणेना,
पिठलं उठेना,
साखर सुटेना,
आता मी काय करू?"

"मी नाही थापणार."

"का नाही?"

"डब्यानं पीठ दिल्याशिवाय मी नाही थापणार. काय, हवा थापू?"

खरंच की. हवेची भाकरी कुणी खाल्लीय? तुम्ही खाल्लीय? मी पण नाही.

आई बाहेर गादी टाकून बसली. पिठल्याच्याच गादीवर.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुठे गेली? डब्याकडे गेली. डबा पत्र्याचा. उंच. पोट मोठं. आत ज्वारीचं पीठ.

"डब्या डब्या, पीठ दे.
बाबा थापेना,
आत्या ओवाळेना,
जुई 'ये' म्हणेना,
पिठलं उठेना,
साखर सुटेना,
आता मी काय करू?"

डबा म्हणाला, "ढण्. मी नाही देणार."

"का नाही?"

"राजाभाऊ उठल्याशिवाय मी नाही उघडणार. वर बघ. ढण्."

टिकलीनं वर बघितलं. डब्याच्या झाकणावर बसले होते राजाभाऊ.

राजाभाऊ म्हणजे घरचा बोका. करड्या रंगाचा. पण त्याला 'अरे' म्हणायची कुणाची छाती नाही. सगळे 'अहो' म्हणतात. बाबानं एकदा त्याला उचललं होतं. बाबाच्या नाकावर तीन रेघा उमटल्या. तेव्हापासून बाबासुद्धा 'अहो' म्हणतो.

आई बाहेर चहा प्यायला लागली. शेजारच्या काकूंनी दिला. भुर्र, भुर्र.

टिकली डब्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. एकदा घसरली. सर्रर्र. पुन्हा चढली.

"अहो राजाभाऊ, राजाभाऊ, उठा.
डबा उघडेना,
बाबा थापेना,
आत्या ओवाळेना,
जुई 'ये' म्हणेना,
पिठलं उठेना,
साखर सुटेना,
आता मी काय करू?"

राजाभाऊंनी एक डोळा उघडला. एकच. दोन उघडायची त्यांना सवय नाही.

"मी नाही उठणार."

"का नाही?"

"ते पिवळं दारातून हलल्याशिवाय मी नाही उठणार. फिस्स."

आता बघा कशी पंचाईत झाली. पिवळं कोण? पिठलं. टिकली निघाली कुठून? पिठल्यापासून. पोचली कुठे? पिठल्यापाशीच. घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरली नुसती.

टिकली आली परत उंबऱ्याशी. आता तुरुतुरु नाही. तुरु. थांबली. तुरु. थांबली. दमली होती हो.

"पिठल्या पिठल्या, हल.
बोका हलेना,
डबा उघडेना,
बाबा थापेना,
आत्या ओवाळेना,
जुई 'ये' म्हणेना,
तू काही उठेनास,
साखर काही सुटेना,
आता मी काय करू?"

पिठल्यानं नाक खाली टेकलं. अगदी टिकलीजवळ.

"मला मागच्या घरच्यांनी पण थांब म्हटलं होतं," पिठलं म्हणालं. "मी थांबलो. ते गेले."

"कुठे गेले?"

"माहीत नाही. मी खूप वेळ थांबलो होतो."

टिकलीला साखरेचं बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

मग पिठल्यानं हळूच विचारलं, "तुला या घरात 'ये' कोण म्हणालं?"

"मला?" टिकली हसली. "मुंगीला कोण बोलावतं बाबा? उलट जा म्हणतात. आम्ही आपल्या येतो."

"मला नाही तसं येता येत," पिठलं म्हणालं.

टिकलीला पिठल्याची फार दया आली. एवढं मोठं कुत्रं, आणि एवढंसं तोंड करून बसलेलं. तिनं पदर खोचला. मुंगीला पदर कुठला, म्हणता? असतो एकेकीला.

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता ती पिठल्यासाठी निघाली. म्हणजे, साखरेसाठी पण निघाली. खोटं कशाला बोला.

डब्यावर चढली. सर्रर्र. पुन्हा चढली. राजाभाऊंच्या शेपटीवर चढली. पाठीवर चढली. मानेवर चढली. कानामागून गेली. डोळ्याला वळसा घातला. मिशीवर आली. मिशी हलली, डुगू डुगू. टिकलीनं मिशी घट्ट धरली.

आणि मग शिरली कुठे?

नाकात.

गुदू गुदू, गुदू गुदू.

राजाभाऊंचा एक डोळा उघडला. दुसराही उघडला. मिशा ताठ झाल्या. तोंड वासलं.

"आ... आ... आ... आक्-छीं!"

टिकली उडाली तिकडे. राजाभाऊ उडाले इकडे. थेट फ्रीजवर.

"मी उठलो नाही," राजाभाऊ वरून म्हणाले. "मी उडालो. लक्षात ठेवा."

बरं बाई, उडालात.

बोका उडाला,
डबा उघडला. खट्.
डब्यानं दिलं पीठ,
बाबानं मळलं नीट,
बाबा भाकरी थापायला लागला.

थाप थाप थाप. थाप थाप थाप. तव्यावर टाकली. चर्र.

भाकरी गोल झाली का? नाही झाली. एका बाजूला शेंडी फुटली, दुसऱ्या बाजूला कान. पण भाकरी ती भाकरीच. टम्म फुगली.

आत्यानं मोडला तुकडा. फू फू केलं. पिठल्यासमोर उभी राहिली. तुकडा ओवाळला. एकदा, दोनदा, तीनदा.

"इडा पिडा टळू दे. पिठल्याचं भलं होऊ दे."

आणि आत्यानं तुकडा फेकला. लांब. भिर्रर्र. पिठल्याच्या डोक्यावरून. आईच्या डोक्यावरून. चहाच्या कपावरून. फाटकापाशी जाऊन पडला. टप्प.

आता जुईनं म्हणायचं होतं, 'ये'. तिनं तोंडावरचा हात काढला. तोंड उघडलं.

पण त्याआधीच पिठलं उठलं.

उठलं आणि वळलं. वळलं आणि पळालं. कुठे? आत नाही. बाहेर. दुडुदुडु, दुडुदुडु, फाटकाकडे. फाटक होतं उघडं.

सगळे बघतच राहिले. आत्याचा हात वरच राहिला. बाबाची दुसरी भाकरी तव्यावर करपली. आईचा चहा सांडला.

जुईला वाटलं, गेलं. आपण 'ये' म्हटलं नाही, म्हणून पिठलं गेलं. तिचे डोळे भरून आले. ती उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली, आणि पोटातून, अगदी बेंबीपासून, हाक मारली.

"ये!"

पिठलं थांबलं. फाटकात. मागे वळलं.

जुई परत म्हणाली, हळूच, "पिठल्या, ये ना."

आणि पिठलं आलं. दुडुदुडु दुडुदुडु दुडुदुडु. कान उडताहेत, केस उडताहेत, शेपूट फिरतंय. आईवरून उडी. पायरीवरून उडी. उंबऱ्यावरून उडी. थेट आत. थेट जुईच्या अंगावर. धप्प. जुई खाली, पिठलं वर. जुई रडत होती की हसत होती, काही कळेना. दोन्ही करत होती.

मग पिठलं उठलं, आत्याकडे गेलं, आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. ओलं. गिळगिळीत.

काय ठेवलं?

भाकरीचा तुकडा.

"अरे, अरे," आत्या म्हणाली. "ओवाळून टाकलेला तुकडा परत आणायचा नसतो."

तिनं पुन्हा फेकला. भिर्रर्र. पिठलं गेलं, दुडुदुडु. पिठलं आलं, दुडुदुडु. तुकडा आत्याच्या हातावर.

आत्यानं आणखी लांब फेकला. भिर्रर्रर्र. पिठलं गेलं, दुडुदुडु. पिठलं आलं, दुडुदुडु. तुकडा आत्याच्या हातावर. आणि पिठलं तोंडाकडे बघतंय, आता कधी फेकणार?

"याची जातच तशी आहे," आई म्हणाली. "टाकलेलं सगळं परत आणून देतात. आणि आता मला आत येऊ देता का?"

आई आली आत. गादी आली आत. ताट आलं आत.

आत्यानं कपाळाला हात लावला. आजवर किती नवऱ्या ओवाळल्या, किती बाळं ओवाळली. तुकडा घेऊन कुणी परत आलं नव्हतं. ती खाली बसली. पिठल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एकदा फिरवला, मग हात तिथंच राहिला.

"बरं," आत्या म्हणाली. "आणलास ना? मग खा आता. घरचाच आहेस."

पिठल्यानं तुकडा खाल्ला. मचमच मचमच. मग शेंडीवाली भाकरी खाल्ली. मग करपलेली पण खाल्ली. बाबा म्हणाला, "बघा, माझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही."

आणि टिकली? टिकलीला विसरलात ना? मी नाही विसरले.

टिकली पळाली उंबऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. उंबरा मोकळा. उंबऱ्यावर साखरेचा दाणा. फुटला नव्हता. चेपला नव्हता. जरासा केसाळ झाला होता, एवढंच.

राजाभाऊ उडाले,
डबा उघडला,
बाबानं थापली,
आत्यानं ओवाळली,
जुई 'ये' म्हणाली,
पिठलं आत आलं,
साखर सुटली!

टिकलीनं दिला एक धक्का. गडगड गडगड. साखर गेली फटीत. खाली सात बहिणींनी झेलली. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर. केस तेवढे थुंकून टाकले.

पिठलं झोपलं घराच्या मधोमध. चारी पाय वर. गादी ठेवली होती कोपऱ्यात, ती तशीच. आता पाण्याला जायचं तर पिठल्यावरून. फ्रीजकडे जायचं तर पिठल्यावरून. आत्याचा पाय दोनदा अडला. पण कुणी म्हणालं का, ऊठ?

छे. सगळे गुपचूप वळसा घालून गेले. टिकलीसुद्धा.

मुंगीची साखर मुंगीच्या पोटी,
पिठल्याच्या कपाळी माणसं मोठी,
ऐकलं त्याला पापा, डाव्या गालावर,
नाही ऐकलं त्यालाही, उजव्या गालावर.